ड्रायव्हरच्या दिवसात अर्धा तास कुठे बसवायचा?

सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८. लांब पल्ल्याच्या गाडीला सवलत म्हणून दिवसाचे १० आणि आठवड्याचे ५४. एक ड्यूटी संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे, आणि मधली विश्रांती धरून दिवसाचा सगळा पसारा १२ तासांच्या आत. ही तरतूद १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने केली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने कामाचे हे तास व्यावसायिक वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला लावले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता अमलात आली आणि १९६१ चा कायदा तिच्यात विलीन झाला, तरी आठ तासांचा दिवस कायम आहे.

कागदावरचा हा दिवस युरोप-अमेरिकेपेक्षा हलका आहे. युरोपीय संघात एका दिवसात नऊ तास, अमेरिकेत अकरा तास गाडी चालवायला मुभा आहे, आणि त्यात भरणं-उतरवणं धरलेलं नाही. तरीही सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये देशातल्या दहा शहरांत बाराशेहून अधिक ट्रक ड्रायव्हरांशी बोलून पाहणी केली, तेव्हा त्यांचा दिवस सरासरी १२ तासांच्या आसपास निघाला. जवळपास निम्म्यांनी सांगितलं, की थकलो, डोळे मिटायला लागले तरी आम्ही गाडी चालवतो.

चर्चा बहुतेक वेळा इथेच अडते. ड्रायव्हरला शिस्त नाही, मालकाला दया नाही, आरटीओचं लक्ष नाही, असे तीन आरोप होतात आणि विषय संपतो. तिन्हींत थोडंथोडं तथ्य असेलही. पण मला वाटतं, मूळ अडचण वेगळीच आहे. विश्रांती दिवसात बसवायची तर तो दिवस ड्रायव्हरच्या ताब्यात असायला हवा. मालट्रकच्या ड्रायव्हरचा दिवस माल भरणाऱ्याच्या, माल उतरवून घेणाऱ्याच्या आणि शहराच्या नो-एन्ट्रीच्या ताब्यात असतो. कायदा मात्र सगळा हिशेब ड्रायव्हर आणि मालक या दोघांतच मांडतो.

एक दिवस मांडून पाहू. भिवंडीच्या गोदामातून नागपूरला माल न्यायचा आहे. ड्रायव्हर सकाळी सहाला उठला आणि नऊला गाडी गेटवर लागली. आत आधीच दहा-बारा गाड्या. नंबर आला दुपारी दोनला, तेव्हा हमालांची जेवणाची वेळ. भरणं सुरू झालं तीनला. मध्ये ड्रायव्हर खाली उभा, कारण पेट्या कमी भरल्या किंवा फुटल्या तर उतरवताना त्याच्याच नावावर पडणार. भरून झाल्यावर ताडपत्री, दोरी, तोलकाटा, बिल्टी, ई-वे बिल. हे सगळं हातात पडेपर्यंत सहा वाजले. त्या वेळेला शहराभोवतीच्या रस्त्यांवर अवजड वाहनांना बंदी असली, तर ती उठेपर्यंत कुठेतरी कडेला थांबणं आलं. गाडी खऱ्या अर्थाने रस्त्याला लागली रात्री दहाला.

आता पाच तासांचं घड्याळ सुरू करा. पहिल्या विश्रांतीची वेळ येते पहाटे तीनला, संभाजीनगरच्या आसपास. नियम मोडलेला नाही, आणि माणूस एकवीस तास जागा आहे. ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं होतं, की सतरा तासांच्या जागरणानंतर माणसाची प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी मंदावते. आपल्याकडे गाडी चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे या ड्रायव्हरने थेंबही घेतलेला नसला, तरी ज्या अवस्थेत दारू पिणाऱ्याला आपण गाडीतून खाली उतरवतो, त्याहून वाईट अवस्थेत तो घाट चढून आला आहे. त्यात पहाटे दोन ते सहा ही शरीराच्या घड्याळात झोपेची सगळ्यात गडद वेळ. ताशी ८० च्या वेगाने ट्रक सेकंदाला २२ मीटर पुढे जातो. चार सेकंद डोळा लागला, तर जवळजवळ ९० मीटर गाडी कुणीच चालवत नसतं.

सकाळी नऊ ते रात्री दहा हे तेरा तास कामात धरायचे की विश्रांतीत? १९६१ च्या कायद्यात कामाच्या तासांची व्याख्या बारकाईने केलेली होती. गाडी चालती असतानाचा वेळ त्यात येतो. हिशेब लिहिणं, गाडीची देखभाल, भरणं-उतरवणं ही जोडकामंही येतात. आणि टर्मिनलवर नुसतं हजर राहण्याचा वेळ येतो, तो पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर. त्यापुढची प्रतीक्षा मात्र नाव घेऊन कुठेच मोजलेली नाही. मालकाच्या अखत्यारीत असलेला वेळ म्हणजे काम, असे व्याख्येचे सुरुवातीचे शब्द आहेत. त्यावर बोट ठेवून वकील भांडू शकेल, पण गेटवरचा ड्रायव्हर ते भांडण कुठे नेणार? कलम ९१ मध्ये आणखी एक उपकलम आहे. ड्रायव्हर काम करत नाही, पण गाडीत किंवा गाडीजवळ राहणं त्याला भाग आहे, असा वेळ कोणत्या परिस्थितीत विश्रांती समजायचा, हे राज्य सरकारला ठरवता येतं. कागदावर हे सोयीचं आहे. प्रत्यक्षात मे महिन्यात तापलेल्या केबिनमध्ये, दर वीस मिनिटांनी गाडी एक नंबर पुढे सरकवत काढलेले चार तास विश्रांतीत जमा करायची वाट यातून मोकळी होते.

या व्याख्या वाचताना डोळ्यांसमोर एसटी उभी राहते. टर्मिनल, ड्यूटीचं वेळापत्रक, तिकिटांची तपासणी, रोकड भरणं, सगळं प्रवासी वाहतुकीचं. एसटीच्या ड्रायव्हरला तक्रारी पुष्कळ आहेत, आगारांतल्या विश्रांतिगृहांची अवस्था तर सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याची ड्यूटी आधी लिहिलेली असते, गाडी सुटायची वेळ ठरलेली असते, आणि मुक्कामी गाडी गावात पोचली की सकाळपर्यंत तिला कुणी हलवत नाही. तिथे अर्धा तास बसवणं हे वेळापत्रक करणाऱ्याचं काम आहे. मालट्रकला वेळापत्रक करणारा असा कुणी नाही. आपल्या देशात बहुतांश ट्रक एक-दोन, फार तर पाच गाड्या असलेल्या छोट्या मालकांचे आहेत. कित्येक ठिकाणी मालकच ड्रायव्हर असतो. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक संस्थेला लागू होत असे. नव्या संहितेत हा आकडा दहा झाला. म्हणजे जिथे गरज सर्वाधिक, तोच भाग कामगार कायद्याच्या आणखी बाहेर गेला. कलम ९१ आहे म्हणून तासांची मर्यादा सगळ्यांना लागू राहते खरी, पण विश्रांतीच्या खोल्या किंवा जादा तासांचा दुप्पट पगार या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

अर्धा तास मिळाला असं धरू. तो कसा जातो? आधी थांबायला जागा हवी, आणि भरलेली दहा किंवा चौदा चाकी गाडी कुठेही वळत नाही. ढाब्यासमोर जागा असेल तर उत्तम, नाहीतर रस्त्याच्या कडेला इंडिकेटर लावून. उतरल्यावर पहिलं काम टायरवर टॉमी मारून हवा ऐकणं, मग दोरी सैल झाली असेल तर ओढून बांधणं, ताडपत्री फडफडत असेल तर आवळणं. हे जोडकाम आहे, कायद्याच्याच भाषेत काम. मग शेठचा फोन, पाठोपाठ बुकिंगवाल्याचा, की कुठे पोचलास. मग चहा. अर्ध्या तासातली वीस मिनिटं अशी गेली, की उरलेल्या दहांत पाठ टेकवायची की तोंड धुवायचं? झोपेचे अभ्यासक सांगतात त्याप्रमाणे चहा-कॉफीचा परिणाम चढायला साधारण अर्धा तास लागतो, म्हणून आधी चहा घ्यावा, लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटावेत, आणि उठल्यावर सुस्ती जाईपर्यंत थोडं चालावं. हे अर्ध्या तासात बसू शकतं. त्यासाठी दोन अटी आहेत, फोन बंद हवा आणि गाडीकडे पाहायला कुणीतरी हवं.

ही दुसरी अट फार मोठी आहे. गाडीतलं डिझेल, स्टेपनी, ताडपत्रीखालचा माल, यातलं काहीही गेलं तर वसुली ड्रायव्हरकडून होते. पूर्वी गाडीवर किन्नर (क्लीनर) असायचा. एक झोपला की दुसरा जागा, आणि घाटात चाकाखाली ओंडका लावायलाही तोच. खर्च वाचवायला बहुतेक गाड्यांवरून तो गेला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन ड्रायव्हर हवेत आणि दुसऱ्याला आडवं होता येईल अशी लांब सीट हवी, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात ते फारसं पाळलं जात नव्हतं, हे खरं. २०१८ च्या अखेरीस दोन ड्रायव्हरांची अटच काढून टाकली गेली. त्याच वर्षी ट्रकवर माल भरण्याची मर्यादाही वाढवली होती. एका बाजूने वजन वाढलं आणि दुसऱ्या बाजूने जागा राहणारा माणूस कमी झाला. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत ड्रायव्हरच्या झोपेवर यापेक्षा मोठा आघात दुसऱ्या कोणत्याही निर्णयाने केला नाही. पाळली न जाणारी अट पाळायला लावायची, की खोडून टाकायची? आपण खोडली.

समृद्धी महामार्गाचा हिशेब तर सरळ गुणाकार-भागाकाराचा आहे. नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटर, शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. अवजड वाहनांना वेगमर्यादा ताशी ८०. अजिबात न थांबता, एकदाही ब्रेक न लावता, पूर्ण ८० ने गेलं तरी पावणेनऊ तास. म्हणजे एका ड्रायव्हरने आठ तासांच्या कायदेशीर दिवसात हा रस्ता संपवणं शक्यच नाही, आणि खरा भरलेला ट्रक सरासरी पन्नास-पंचावन्नने जातो, म्हणजे सवलतीचे दहा तासही पुरत नाहीत. या महामार्गाची जाहिरात किती तास वाचले यावर झाली. ट्रकसाठी हा दोन दिवसांचा रस्ता आहे, मध्ये एक पूर्ण रात्र झोप धरून, हे कुणी मोठ्याने सांगितलं नाही. सुरुवातीच्या काळात तिथे पेट्रोल पंप आणि थांबे इतके विरळ होते, की थांबावंसं वाटलं तरी थांबणार कुठे हा प्रश्न होता. सरळ, एकसुरी, वळण नसलेल्या रस्त्यावर डोळा लवकर लागतो, त्यामुळे अशा रस्त्याला थांबे जास्त लागतात, कमी नाही. राष्ट्रीय महामार्गांवर दर ४० ते ६० किलोमीटरला सुविधा केंद्र असावं असं धोरण आहे. धोरण चांगलं आहे, पण त्यातल्या किती ठिकाणी कारपेक्षा ट्रकचा विचार आधी केला आहे, हे थांबून पाहावं.

जागा नसेल तर विश्रांतीसुद्धा जीव घेते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राजस्थानात फलोदीजवळ रस्त्यात उभ्या ट्रेलरवर भाविकांचा टेम्पो ट्रॅव्हलर आदळला आणि पंधरा जण गेले. सर्वोच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अशा बातमीनंतर कडेच्या ट्रकवाल्यांना हुसकावण्याची मोहीम निघते. हुसकावलेला ट्रक पुढे जातो, आणि ज्याने थांबायचं ठरवलं होतं तो झोपाळलेला माणूस पुन्हा स्टिअरिंगवर बसतो.

युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. ती १५ आणि ३० अशी तोडून घेता येते, पण तेवढ्या वेळात दुसरं कोणतंही काम करायचं नाही. प्रत्येक मिनिट गाडीतल्या टॅकोग्राफवर नोंदलं जातं, रस्त्यावरचा अधिकारी मागचे दिवस काढून पाहतो. आठवड्याची ४५ तासांची पूर्ण विश्रांती केबिनमध्ये घ्यायला बंदी आहे. आठ-आठ दिवस केबिनमध्येच राहणाऱ्या आपल्या ड्रायव्हरला हे स्वप्नवत वाटेल. पण तिथेही २०१९ च्या सुमाराच्या पाहणीत ट्रकसाठी सुरक्षित पार्किंगच्या सुमारे एक लाख जागा कमी असल्याचं दिसलं. वेळ संपत आली, जागा मिळत नाही, अशी घालमेल तिथला ड्रायव्हरही सोसतो.

अमेरिकेचा अनुभव आपल्याला जास्त उपयोगी आहे. तिथे आठ तासांच्या चालवण्यानंतर अर्धा तास थांबावं लागतं आणि ड्यूटी सुरू झाल्यापासून चौदा तासांच्या आत सगळं चालवणं उरकावं लागतं. डिसेंबर २०१७ पासून तास नोंदणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र सक्तीचं झालं. तासांचं उल्लंघन कमी झालं. अपघात मात्र घटल्याचं अभ्यासकांना दिसलं नाही, आणि छोट्या कंपन्यांच्या गाड्यांत वेगमर्यादा मोडण्याचं प्रमाण वाढलं. कारण उघड आहे. गोदामात गेलेले तास परत मिळत नव्हते, चौदा तासांचं घड्याळ थांबत नव्हतं, मग वेळ रस्त्यावर भरून काढला गेला. तिथल्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांच्या २०१८ च्या अहवालाने तर थेट आकडा दिला. माल भरण्या-उतरवण्याच्या ठिकाणी सरासरी थांबा पंधरा मिनिटांनी वाढला, की अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. आपल्या कायद्यातली पंधरा मिनिटं आणि ही पंधरा मिनिटं शेजारी ठेवून पाहावीत.

आपल्याकडे यंत्रं लावण्याचं बोलणं चालू आहे. विमानाच्या वैमानिकांसारखे ट्रकचालकांचे तास ठरवावेत, डुलकी ओळखणारा सेन्सर बसवावा, असं नितीन गडकरी २०२१ मध्ये बोलले होते. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तासांची मर्यादा पाळली जात नाही याची गंभीर दखल घेतली आणि केंद्राला सगळ्या राज्यांबरोबर बैठका घ्यायला सांगितलं. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं. हे मनापासून स्वागत करावं असं पाऊल आहे, कारण विदर्भातल्या उन्हाळ्यात दुपारची झोप केबिनमध्ये शक्यच नव्हती. पंतप्रधानांनी २०२४ च्या सुरुवातीला महामार्गांवर ड्रायव्हरांसाठी एक हजार विश्रांतिस्थळं जाहीर केली, तेल कंपन्यांनी पंपांवर ‘अपना घर’ नावाने खाटा, न्हाणीघरं आणि स्वयंपाकाची सोय सुरू केली. हे वाढायला हवं.

मोजायला लागणारी माहितीही मुळात आहे. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे, राष्ट्रीय परवान्याच्या गाडीला ठावठिकाणा सांगणारं यंत्र लागतं, ई-वे बिलावर निघण्याची नोंद असते. कोणती गाडी पाच तास सलग धावली, कोणती एकाच गोदामाबाहेर नऊ तास उभी होती, हे दोन्ही त्यातून दिसू शकतं. पण पहिल्या आकड्यावर दंड करायचा आणि दुसरा आकडा कुणी बघायचाच नाही, असं झालं तर अमेरिकेत झालं तेच इथे होईल, तेही दुप्पट वाईट, कारण इथे पगार ट्रिपवर आहे. गाडी उभी तर भत्ता नाही. हॉल्टिंगचे पैसे मिळाले तरी ते मालकाला मिळतात, आणि छोट्या मालकाला तेही झगडून.

अपघातांच्या सरकारी आकडेवारीतही झोप दिसत नाही. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. कारणांच्या तक्त्यात अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल असे रकाने आहेत आणि मग ‘इतर’. थकव्याला स्वतःचा रकाना नाही. डुलकी लागून कठड्यावर गेलेली गाडी बहुधा अतिवेगात मोजली जाते. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या दहा वर्षांच्या शिक्षेवरून ट्रकवाल्यांनी देशभर गाड्या उभ्या केल्या, तेव्हा पंपांवर रांगा लागल्या आणि शिक्षेवर घरोघरी चर्चा झाली. त्या चर्चेत ड्रायव्हर किती तास जागा असतो, हे विचारणारे फार थोडे होते.

यातून माझं मत असं झालं आहे, की अर्ध्या तासाची सक्ती ड्रायव्हरवर करण्याआधी प्रतीक्षेची जबाबदारी गोदामावर, कारखान्यावर, बंदरावर टाकली पाहिजे. गाडी गेटवर लागल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ शिक्क्यासह बिल्टीवर यावी. ठरावीक वेळेपुढच्या थांब्याचे पैसे मालकाबरोबर ड्रायव्हरलाही वेगळे मिळावेत. आणि तो थांबा कामात धरायचा नसेल, तर खरी विश्रांती म्हणून द्यावा. म्हणजे टोकन देऊन गाडी आवारात घ्यायची, तिची राखण गोदामाने करायची, आणि ड्रायव्हरला सावलीत खाट, पाणी आणि शौचालय. नंबर आला की उठवायचं. यातलं काहीही महाग नाही. उरणकडे बंदरासाठी कंटेनरचं एकत्रित पार्किंग उभं राहिलं आहे, म्हणजे रांग रस्त्यावरून आवारात आणता येते, एवढं तरी सिद्ध झालं. दुपारी चार तास अशी झोप झालेला ड्रायव्हर रात्री दहाला निघाला, तर पहाटे तीनच्या थांब्याला अर्थ आहे.

संहितेत मधल्या विश्रांतीचा तपशील आता कायद्याच्या कलमात नाही, तो सरकारच्या अधिसूचनेवर सोपवलेला आहे. म्हणून राज्याने ही अधिसूचना काढताना पंधरा मिनिटांपुढचा थांबा काम आहे की विश्रांती, हे स्पष्ट लिहावं, अशी मागणी वाहतूकदारांच्या आणि कामगारांच्या संघटनांनी एकत्र येऊन करायला हवी. या प्रश्नावर तरी त्या दोघांचं हित एकच आहे. आणि ज्यांच्या दुकानाच्या, कारखान्याच्या, गोदामाच्या दारात रोज गाडी लागते, त्यांनी अधिसूचनेची वाट पाहू नये. उद्या सकाळी गाडी आली की गेटच्या वहीत वेळ लिहा, ड्रायव्हरला विचारा शेवटचा कधी झोपलास, आणि नंबर लांब असेल तर त्याला आत बोलावून आडवं व्हायला जागा द्या.